कोयंडे सरांचे तीन प्रश्न

कोयंडे सर पेपर वाचायला बसले की चष्म्याच्या आधी पेन्सिल शोधत. राजकारणाचं पान ते उलटून टाकत, क्रिकेटकडे ढुंकून बघत नसत. कुठे कोपऱ्यात शास्त्रज्ञांनी अमुक शोधलं अशी बातमी असली की मात्र मान खाली जाई. ती नव्या औषधाची असो, हाडं जोडणाऱ्या सिमेंटची असो, नाहीतर आपोआप सांधलं जाणाऱ्या प्लॅस्टिकची असो, तिच्या कडेच्या कोऱ्या पट्टीत ते वरून खाली एक, दोन, तीन असे आकडे टाकत आणि प्रत्येक आकड्यापुढे एकदोन शब्दांत उत्तर लिहीत. ज्यांची ही उत्तरं, ते तीन प्रश्न कट्टा गावच्या हायस्कुलातून गेलेल्या आम्हा सगळ्यांना अजून पाठ आहेत. कोणावर? किती जणांवर? आणि पुढे काय झालं?

सर आम्हाला विज्ञान शिकवायचे. सोमवारच्या तासाची पहिली दहा मिनिटं बातम्यांची असत. आठवीत असताना मी एक कातरण घेऊन गेले होते, मधुमेह कायमचा बरा होणार अशा मथळ्याचं. माझ्या बाबांना साखर होती, त्यामुळे मी ते देवाच्या अंगाऱ्यासारखं जपून कंपासपेटीत ठेवलं होतं. सरांनी मला उभं करून सगळं वाचायला लावलं.

"कोणावर, सुजाता?"

मी शोधलं. खाली बारीक अक्षरात होतं. "उंदरांवर, सर."

"मग उंदरांना अभिनंदनाचं पत्र पाठव."

वर्ग खो खो हसला आणि मला रडू फुटलं. तास संपल्यावर सरांनी मला थांबवलं. बाबांचं त्यांना ठाऊक नव्हतं, ते मी सांगितलं. ते जरा वेळ खडू बोटांत फिरवत राहिले आणि म्हणाले, "कातरण टाकू नको गो. आज उंदीर, उद्या माणूस. मधे फक्त वेळ असतो. तो किती, तेवढंच कोण सांगत नाय." वर्गात ते शुद्ध बोलत आणि वर्ग सुटला की मालवणीत येत. मी पुढे नर्स झाले त्याला ते कातरण कारण आहे, असं मी मुलाखतीत सांगितलं होतं. ते खरंही आहे.

माणूस दिसायला अगदी साधा. बुटका, काटक, गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट. पण त्यांचा उजव्या हाताचा अंगठा स्वस्थ नसे. जी वस्तू समोर येईल ती ते अंगठ्याने दाबून बघत. एसटीचं सीट, बादलीचा कान, होडीच्या तळाचं फायबर, पाव, उशी, कुणाच्या सायकलचा टायर. दाबून झालं की निकाल देत: "थकलाय." पदार्थ थकतो, हे त्यांचं आवडतं वाक्य. माणसासारखं तो सांगत नाही, एक दिवस मोडतो, तेव्हा आपल्याला कळतं. आमच्या शाळेच्या पाण्याच्या टाकीच्या शिडीबद्दल त्यांनी हे दोन वर्षं सांगितलं आणि तिसऱ्या वर्षी शिडी मोडली. सुदैवाने वर कुणी नव्हतं. सरांनी शिपायाला हाताशी धरून मोडकी पायरी वर्गात आणली आणि चिरेची सुरुवात कुठून झाली ते भिंगाने प्रत्येकाला दाखवलं. मुख्याध्यापक तोंड लपवत फिरत होते.

निवृत्त झाल्यावर सर बंदराजवळच्या आपल्या घरी राहायला गेले. तिथे शालन काकी होती, त्यांची बायको. मास्तराची बायको झाली तरी काकीने मासळीची पाटी सोडली नाही. सकाळी बाजारात बसायची आणि दुपारी पडवीत सुंगटां सोलायची. कोळंबीला आमच्याकडे सुंगटां म्हणतात. ती सालं लोक माडाच्या मुळात टाकतात. सरांनी ती उचलायला सुरुवात केली. कोळंबीच्या सालातून कायटोसान नावाचा पदार्थ निघतो, तो जखमेवर लावला तर रक्त थांबतं, जखम भरायला मदत होते, जगभर त्याच्यावर काम चाललंय, असं त्यांनी वाचलं होतं आणि ते काही खोटं नव्हतं. सालं धुवायची, पत्र्यावर वाळवायची, आम्लात, मग कॉस्टिक सोड्यात घालायची, परत धुवायची. शेवटी पांढुरकी पातळ चकती उरे. त्या चकत्या ते बरण्यांत भरून वर चिठ्ठी चिकटवत. वासाने शेजारची मांजरंसुद्धा हैराण.

"अर्धो जल्म ह्या वासात गेलो," काकी म्हणायची, "नि तुमी तो बरणीत भरून ठेयतास?"

"शालन, ह्या उद्याचा औषध आसा."

"उद्याचा उद्या बगूया. आदी हात धुवा नि जेवक बसा."

मी गेले की काकी मला हा संवाद नक्कल करून दाखवायची आणि सर कौतुकाने ऐकायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. दोघं एकमेकांची थट्टा करत जगली आणि ती थट्टा मला कधी जुनी वाटली नाही.

काकीला साखर होती, हे तिला स्वतःला सांगितलेलं आवडत नसे. तळपाय बधिर झालेत हे सरांनीच ओळखलं, कारण ती तापलेल्या वाळूवरून अनवाणी सावकाश चालत आली होती. त्यांनी माझ्याकडून चौकशी करून तिच्यासाठी खास सॅंडल आणवली, मायक्रोसेल्युलर रबराची. आत हवेचे बारीक बारीक कप्पे असतात, वजन सगळीकडे सारखं वाटलं जातं, असं त्यांनी तिला समजावलं. अंगठ्याने दाबून दाबून दाखवलं. काकीने ती कौतुकाने बघितली आणि कोनाड्यात ठेवली. मासळी बाजारात, चिखलापाण्यात, ती असली सॅंडल घालून बसणार? बायका हसल्या असत्या.

पुढे एक दिवस जाळं झटकताना शिंगाळा माशाचा विषारी काटा तिच्या डाव्या पायात घुसला. शिंगाळ्याचा काटा म्हणजे काय ते आमच्या किनाऱ्यावर लहान पोरालाही माहीत आहे. धडधाकट माणूस गडाबडा लोळतो. काकीला कळलंच नाही. दोन दिवसांनी सरांना पडवीत ओले डाग दिसले, तेव्हा त्यांनी तिचा पाय हातात घेतला.

मी कट्ट्याच्या ज्या दवाखान्यात काम करते तिथे काकी ड्रेसिंगला येऊ लागली. येताना मात्र ती सॅंडल घालायची. "तुका बरा वाटात म्हणान," असं म्हणायची. जखम धुताना मी रोग्याच्या तोंडाकडे बघते, कारण दुखणं तिथे दिसतं. काकीच्या तोंडावर काहीच दिसत नसे. मी चिमट्याने आतला भाग साफ करायची आणि ती मला बांगड्या-सुरमईचा भाव सांगायची.

"दुखता काय गो काकी?"

"नाय गो बाय. माझो पाय माझ्याशी बोलणाच नाय."

तिसऱ्या आठवड्यात करंगळी काळी पडली. आमच्या डॉक्टर मॅडमनी सरांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "करंगळी आणि शेजारचं बोट काढावं लागेल, याच आठवड्यात. गोव्याच्या मोठ्या इस्पितळाला चिठ्ठी देते. थांबलात तर पाय जाईल. त्याहून जास्तही जाईल."

सरांनी खिशातून एक कातरण काढलं. मी जवळच उभी होते. कोळंबीच्या सालापासून बनवलेल्या नव्या जेलची बातमी होती, मधुमेहाच्या न भरणाऱ्या जखमा भरल्या, अंग कापावं लागणार नाही, अशा अर्थाची. मला तेव्हा एकच गोष्ट खटकली. कातरणाला कडाच नव्हत्या. मजकुराला अगदी लागून, कात्रीने नीट, चारी बाजूंनी कापलेलं. पेन्सिलीचा एक आकडा कुठे नव्हता.

"मी त्या संस्थेला ईमेल केलाय," सर म्हणाले. "उत्तर येईल. त्यांना रुग्ण हवेच असतात."

"सर, याला वेळ नाही," मॅडम म्हणाल्या.

"बोट कापलं तर ते परत येत नाही. जेल लावून नाही जमलं तर कापता येईलच." त्यांनी हे वर्गातल्यासारखं शुद्ध मराठीत सांगितलं. ऐकायला ते अगदी तर्काचं वाटत होतं. मॅडमनी तरी चिठ्ठी लिहून त्यांच्या हातात दिली.

काकी घरी गेली आणि तिने आपल्या पद्धतीने निर्णय घ्यायचं ठरवलं. तिला कौल लावायचा होता. आमच्याकडे मोठं काही करायचं तर देवीला विचारतात. गुरव देवीच्या मूर्तीवर भिजवलेल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात आणि मग सगळे पाकळ्यांकडे बघत बसतात. उजवीकडची आधी पडली तर होकार. सरांनी आयुष्यभर या प्रकाराची टर उडवली होती. पाकळी पडते ती गुरुत्वाकर्षणाने, आणि कुठली आधी पडेल ते गुरवाने पाणी कुठे जास्त लावलंय त्यावर. नववीच्या पोरांना त्यांनी हे फळ्याला गुलाबाच्या पाकळ्या चिकटवून दाखवलं होतं. या वेळी मात्र ते तिच्याबरोबर देवळात गेले. मीही गेले होते, माझी सुट्टी होती.

गुरवाने विचारलं, शालनच्या पायाक शस्त्र लावचा काय, नाय लावचा? वाट बघावी लागलीच नाही. उजवी पाकळी टपकन खाली आली. गुरवालाही आश्चर्य वाटलं असावं. काकीने हात जोडले आणि तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. इतके दिवस ती घाबरली होती हे मला तेव्हा कळलं. घरी येऊन तिने पिशवी भरली. दोन नऊवारी, टॉवेल, तांब्या.

आणि सरांनी ती पिशवी उचलून परत कपाटात ठेवली. "पाकळी पडली म्हणून बायकोचा पाय कापायचा?" ते म्हणाले. "उत्तर येवंदे."

तो आठवडा मला आजही नीट आठवतो आणि मला तो आठवावासा वाटत नाही. रोज काकी ड्रेसिंगला आली की सर बाहेर बाकावर मोबाईल हातात धरून बसायचे. दर थोड्या वेळाने अंगठ्याने पडदा खाली ओढायचे, सोडायचे, परत ओढायचे. काकी आत माझ्यासमोर पाय ठेवून बसायची. एकदा ती बाहेर बघून हळूच म्हणाली, "देवीन उजवो दिल्यान. पण ह्यांचो कौल अजून येवचो आसा."

मग तिने माझा हात धरला. "तू शिकलेली आसस गो. तू सांग. कापूक देवचो काय नको?"

मला उत्तर ठाऊक होतं. जखमेचा वास कालपेक्षा वेगळा होता, घोट्याजवळ लाली चढली होती. मी रोज असले पाय बघते. मी म्हणायला हवं होतं, काकी, आत्ताच्या आत्ता ऊठ, मी गाडी बोलावते. पण बाहेर बाकावर कोयंडे सर बसले होते, ज्यांनी मला कोणावर हे विचारायला शिकवलं होतं, आणि त्यांच्यासमोर जाऊन तुम्ही चुकताय म्हणायला माझी जीभ वळेना. मी आठवीतच होते अजून. मी म्हणाले, "सरांनी काहीतरी विचार केला असेल गो."

"तां खरां," काकी म्हणाली. "ह्यांका जास्त कळता." आणि तिने माझा हात सोडला.

मी नर्स आहे. सरांची चूक मी मोजत नाही, माझीच मोजते.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी सरांनी तिला आणलं तेव्हा तिला हुडहुडी भरली होती आणि ती मला ओळखत नव्हती. मॅडमनी पाय बघितला आणि लगेच गाडी मागवली. काकीला उचलून गाडीत घातलं तेव्हा पाय बघायला काढलेली तिची एक सॅंडल ड्रेसिंगच्या खोलीतच राहिली. मी गाडीत बसले. सर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि कसालला हायवेला लागेपर्यंत एकच म्हणत होते, "शालन, उठ गो, बाजाराक उशीर झालो."

गोव्याला तिचा पाय गुडघ्याखाली कापला. विष आधीच रक्तात गेलं होतं. डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं, हे मी सांगू शकते, कारण मी उभी होते. चौथ्या दिवशी दुपारी काकी गेली.

त्याच्या आदल्या दिवशी उत्तर आलं होतं. वॉर्डच्या बाहेर सरांनी मोबाईल माझ्या हातात दिला. फार सभ्य पत्र होतं. तुमच्या पत्नीच्या आजाराबद्दल वाईट वाटलं. आमचं काम अजून प्रयोगशाळेत, प्राण्यांवर आहे. माणसांसाठी ते कधी उपलब्ध होईल हे आज सांगता येत नाही. आपण विलंब न करता त्यांना शल्यचिकित्सकांना दाखवावं, ही कळकळीची विनंती.

"कोणावर ता लिवल्यानी आसा," सर म्हणाले. "प्रामाणिक माणसा." मोबाईल परत घेऊन त्यांनी तो खिशात ठेवला आणि भिंतीला अंगठा लावून उभे राहिले, दाबत नव्हते, नुसता लावला होता.

दिवसकार्याला मी गेले. त्यानंतर जाणं मी टाळलं. आमच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सर रोज एक तरी बातमी पाठवायचे, तीही बंद झाली. मध्ये कुणीतरी कोकमाने साखर मुळापासून जाते असा मजकूर टाकला. पूर्वी सरांनी त्याला तीन शब्दांत आडवा केला असता. आम्ही सगळे थांबलो. ज्याने टाकला त्याच्या मोबाईलवर सरांच्या नावापुढे दोन निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे त्यांनी वाचलं होतं. काही आलं नाही. मग लोकांनी त्या मजकुराला पसंतीचे अंगठे दिले आणि तो पुढे गेला.

सॅंडल माझ्या कपाटाखाली होती. झाडूवाली दोनदा टाकायला निघाली, मी दोनदा काढून घेतली. परवा एका रोग्याला तशीच सॅंडल दिली आणि मला तिथे बसवेना. काम संपवून ती कागदात गुंडाळली, स्कूटरला लावली आणि बंदराकडे गेले.

सर परसात होते. बरण्या एका रांगेत मांडलेल्या, झाकणं काढलेली. एकेक बरणी उचलून ते माडाच्या मुळात रिकामी करत होते, बाकीचं गाव सालं टाकतं तशी. त्या पांढऱ्या चकत्या मातीवर पसरल्या होत्या. दाढी वाढली होती, शर्टाचं वरचं बटण उघडं होतं. इतक्या वर्षांत मी त्यांचा गळा पहिल्यांदा बघितला.

"इलंस?" एवढंच म्हणाले.

मी काय बोलायचं ते गाडीवर ठरवून आले होते. सर, मी तेव्हा काकीला खरं सांगितलं नाही. त्यातलं तेवढंच म्हटलं. सरांनी हातातली बरणी खाली ठेवली, हात धुतले, नीट, साबण लावून, आणि आत जाऊन कातरणांची वही आणली. मधल्या पानातून कागदाची एक पातळ पट्टी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

ती त्या बातमीची कापलेली कड होती. पेन्सिलीने वरून खाली तीन आकडे होते. एकच्या पुढे लिहिलं होतं, उंदीर. दोनच्या पुढे, थोडे. तीनच्या पुढे काही नव्हतं.

"तू काय सांगतलं असतंस माका?" सर म्हणाले. "पयल्याच दिवशी लिवलेला. मग कातर घेवन कापून टाकलंय. ती बगीत म्हणान नाय. तिका वाचूक खंय येय होता? मीच बगीन म्हणान."

मी गुंडाळलेला कागद सोडवून सॅंडल पुढे केली. सरांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

"खंयच्या पायाची?"

"डाव्या."

त्यांनी मान हलवली. सॅंडल उलटी केली, तळ बघितला. झिजलेला नव्हता, शिक्क्याची अक्षरंसुद्धा जशीच्या तशी होती. मग ती सुलटी करून, टाच जिथे टेकते तिथे त्यांनी अंगठा ठेवला आणि दाबला. रबर खाली गेलं आणि सावकाश वर आलं. त्यांनी परत दाबलं.

"थकलाच नाय गो," सर म्हणाले. "वापरल्यानच नाय तिना."

मी स्कूटर चालू केली तेव्हाही ते माडाखाली उभे होते, सॅंडल छातीशी आणि अंगठा टाचेवर.